सदाच्या हातची बुचाची मूठ

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात सुके बोंबील निवडत होतो. त्याच्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी बोंबील पिशवीत भरले आणि मगच मांडवीला त्याच्या घरी गेलो. माझं हे असंच आहे. वाईट बातमी मनापर्यंत जरा उशिरा पोहोचते. आता दीड महिना झालाय, म्हणून लिहितोय.

सदा मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. काम थांबवल्यावर त्याने भलताच उद्योग धरला... हौशी लोकांच्या गळाच्या रॉडच्या मुठी साफ करण्याचा. या मुठी बुचाच्या असतात. हाताचा घाम, मीठ आणि आमिषाच्या कोळंबीचा चिकटा बसून काळ्या पडतात, त्यांना खळगे पडतात. सदा कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने मूठ धुवायचा आणि दिवसभर सावलीत ठेवायचा. मग एका होमिओपॅथी डॉक्टरकडून आणलेली जुन्या बाटल्यांची बुचं वहिनींच्या आल्याच्या किसणीवर किसून, तो भुगा सुतारी गोंदात कालवून खळग्यांत भरायचा. शेवटी बारीक पॉलिश पेपरची पट्टी. वहिनींनी किसणीवर पाणी सोडलं होतं, बोलणं मात्र सोडलं नव्हतं. "इंजिनवाल्याला बुचं किसायची अवदसा आठवली," म्हणायच्या.

मी शाळामास्तर, सगळं आपल्याला येतं हा समज जुना. चार वर्षांपूर्वी माझ्या रॉडची मूठ खराब झाली तेव्हा वाटलं, यात काय मोठं? होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल चोपडतात, मग बुचाला का नको? ते तेल कातडी भाजतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून मी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ते चोपडलं. मूठ डांबरासारखी झाली. रॉकेलने पुसली आणि सदाकडे नेली.

"ह्येला काय लावलंस, मास्तर?"

"काही नाही. खाऱ्या पाण्याने काळी पडली असेल."

त्याने मूठ हातात फिरवली, माझ्याकडे पाहिलं... "बरं," म्हणाला, "ठेव."

आठवड्याने गेलो तर सदाचे दोन्ही तळवे फोडांनी भरलेले, पापण्या सुजलेल्या. घासताना उडालेला भुगा बाधला होता. वहिनी त्याला पेज भरवत होत्या. "गोंद बाधला असल," सदा म्हणाला. मी सोबत नेलेली केळी टेबलावर ठेवली आणि मान डोलावली. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी आम्ही जेटीवर शेजारी शेजारी गळ टाकून बसलो आणि खरं काही माझ्या तोंडून निघालं नाही. खोटं बोलणाऱ्या मुलांना मी वर्गात तासभर उभं करत असे.

तेराव्यानंतर वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"ह्यांनी वासावरनंच ओळखलानी," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी."

"मग घासलं कशाला?"

"म्हणाले, परत दिली तर मास्तर सोता घासत बसल नि डोळे घालवून घेईल. तोंडाला पंचा बांधून घासलानी, तरी बाधलं." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारणार होते. तर मलाच गप्प बसवलानी. म्हणाले, मास्तर आपणहून सांगल. तोवर तू विषय काढू नको."

"आणि?"

"आणि काय... दर रविवारी जेटीवरनं आले की मी विचारायची, सांगितलान काय? म्हणायचे, आज नाय."

मला लाज वाटली, आणि सदाची फार आठवण आली.

रॉड माझ्या दारामागे उभा आहे. मूठ गव्हाळ, गुळगुळीत. खळगे कुठे होते ते बोटाला कळत नाही. वापर झाला की मी ती साबणाने धुतो आणि सावलीत ठेवतो. गेल्या रविवारी धुता धुता मोठ्याने म्हटलं, "सदा, मी काजूचं तेल लावलं होतं रे." घरात कुणी नव्हतं.