तांबड्याचा वंश आणि पांढऱ्याचा पुतळा

"बहात्तरच्या दुष्काळाने गावचे गोठे ओस पाडले होते. दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या काकांनी जत्रेतून एक पांढराशुभ्र वळू आणला, आणि आज बाजारात नावाजली जाणारी आपल्या गावची कणखर, भरल्या अंगाची जनावरे त्या एका वळूपासून निपजली."

हे वाक्य दूध संस्थेच्या वर्धापनदिनी संस्थेच्या पहिल्या चेअरमनांच्या पुतण्याने ध्वनिक्षेपकावरून उच्चारले. पाठोपाठ त्या वळूचा सिमेंटचा पुतळा संस्थेच्या आवारात उभारण्याची घोषणा झाली आणि टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. "बसा बाबा, बसा. वय झालं तुमचं," असे मागून कोणीतरी म्हणाले. वय झाले, हे मला मान्य आहे. बाकीचे काहीही मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे मी इथे लिहून ठेवत आहे.

आमचे घर बौद्धांचे. गावाच्या उशाला, माळावर, चार एकर खडकाळ रान. आमच्या घरात मोठ्याचे मांस शिजत असे. ही गोष्ट दबक्या आवाजात सांगण्याची पद्धत आहे. मी ती मोठ्याने सांगतो, कारण जनावराकडे पाहण्याची आमची नजर तिथूनच तयार झाली. गाव खोंड निवडताना शिंगे, खूर आणि चाल पाही. ते आम्हीही पाहत असू. पण त्याखेरीज शेपटीच्या मुळाशी बोटे दाबून, बरगड्यांवरून तळवा फिरवून, कोरड्या कडब्यावर कोणते जनावर अंग धरून राहते हे आम्ही पाहत होतो. चारा मुबलक असताना कोणतेही जनावर भरते. उपासात जे भरलेले राहते, ते आपल्या मातीचे.

गावाची एक चूक मात्र पिढीजात होती. जो खोंड उमदा निघे, तो तयार होताच खच्ची करून नांगराला जुंपायचा. आणि ज्याच्यात काही राम नाही असा किरटा खोंड देवाच्या नावाने मोकळा सोडायचा. तोच पुढे गावचा वळू. थोडक्यात, ढेकळे फोडायला गावातले सर्वांत बलवान जनावर आणि गाईंना सर्वांत दुबळे. देवाला टाकाऊ माल द्यायचा आणि त्याच्याकडून मात्र सशक्त वासरांची अपेक्षा धरायची! आम्ही छप्पन सालानंतर देव सोडले होते, त्यामुळे हा व्यवहार मला स्वच्छ दिसत होता. आणखी एका कारणाने दिसत होता. खच्ची करण्यासाठी जनावराला आधी दोर टाकून पाडावे लागते, आणि त्या कामात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. मोठमोठ्या घरांतून मला बोलावणे येई. कोणते चांगले रक्त कुठे संपले, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

दुष्काळात आम्ही सारे खडी फोडायला जात होतो. आमची तांबडी गावरान गाय त्याच दिवसांत व्याली. तिला छावणीतले उसाचे वाढे, कडुनिंबाचा पाला आणि बाभळीच्या शेंगा, एवढाच आहार होता. तरीही तिने दूध तोडले नाही, आणि तिचा आधीच्या वेताचा, दोन वर्षांचा तांबडा गोऱ्हा त्या उपासाच्या वर्षात पाठीवर पन्हाळ पडावी असा भरत गेला. तो जेव्हा पहिल्यांदा मला ढुशी देऊन बाजूला सारून गेला, तेव्हाच मी ठरवले: हा बैल होणार नाही. हा वळू राहील.

माझे थोरले भाऊ या निश्चयाने पेटले. दुष्काळात आमच्या जोडीतला एक बैल मेला होता. गोऱ्हा खच्ची केला तर जोडी पुरी होत होती. न केला तर पेरणी लोकांच्या दयेवर. भाऊंचे म्हणणे चुकीचे नव्हते. ते फक्त एका पावसाळ्यापुरते बरोबर होते.

एके सकाळी ते खोंड ठेचून खच्ची करणाऱ्याला घेऊनच दारात आले.

"दोर आण," ते मला म्हणाले. "लोकांची जनावरं पाडतूस, आज घरचं पाड."

मी गोऱ्ह्याच्या खुंट्याशी जाऊन बसलो आणि दावे स्वतःच्या मनगटाला गुंडाळले.

"दादा, आधी मला पाडा."

"पेरणीला काय तुझ्या वळूची पूजा करायची? रानात काय आमी जू मानंवर घ्यायचं?"

"घ्यावं लागलं तर मी घेतो. तुमी काकऱ्या सरळ येतात का तेवढं बघा."

ठेचणारा हसून खाली बसला आणि त्याने तंबाखू काढली. "भाऊ, तुमचं मिटवा आन् मला हाक मारा. ह्या दोघांतलं कोन पाडायचं ते बी ठरवा." भाऊंनाही हसू आले, पण ते हसू दाबून ते जे निघून गेले, ते पेरणी होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

त्या साली आम्ही सावड धरून पेरले. शेजारच्याचा एक बैल आणि आमचा एक. आधी त्याचे रान, मग आमचे. वाफसा निघून गेला, ज्वारी विरळ उगवली. बायकोने तक्रार केली नाही, पण विरळ ताटांकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "वळू तेवढा दाट उगवलाय." ते मला टोचले आणि आवडलेही.

आता मुद्द्याचे. गावच्या गाई या वळूपर्यंत आल्या कशा? उघडपणे आल्या नाहीत. आमच्या वस्तीत गाय घेऊन येणे मोठ्या घरांना कमीपणाचे वाटे. पण माज ओळखणाऱ्या मालकाला जात थोपवू शकत नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. भर दुपारी, सारे गाव आडवे झाले की, एखादी गाय आमच्या माळावर 'सुटून' येई. मागोमाग तिचा गुराखी.

"सुटून आली बघा, भाऊ. लई द्वाड हाय."

"सुटून आली? आन् कासरा तुझ्या हातात?" मी विचारी.

"त्यो... मी आताच धरला."

"बरं, बस सावलीला. तिचं झालं की घेऊन जा. मालकाला म्हणावं, परत सुटली तर बाभळीच्या शेंगा बी सोडा तिच्यासंगं."

त्या एका हंगामात गावातल्या इतक्या गाई 'सुटल्या' की दावी विकणाऱ्याने दुकान बंद करायला हवे होते. पुढल्या वर्षी घरोघर तांबडी वासरे उड्या मारू लागली, आणि प्रत्येक मालक शपथेवर सांगू लागला की आपल्या गाईला देवाचा वळू लागला. देवाचा तो वळू तोपर्यंत उकिरड्यावर चढतानाही धापा टाकत होता.

माझा खरा विजय झाला तो पुढे ऐंशीच्या दशकात, एका वाईट उन्हाळ्यात, कळंबच्या बाजारात. संस्थेने तोवर संकरित गाई आणल्या होत्या. दुधाला त्या बऱ्या होत्या हे मी नाकारत नाही. पण त्या उन्हात जीभ बाहेर काढून उभ्या होत्या. आसपासच्या गावांची जनावरे हाडांच्या सापळ्यांसारखी. आमच्या गावचे तांबडे बैल, काम संपवून विक्रीला आलेले, मात्र मांसाने गच्च. मोठ्याच्या मांसाचा जुना व्यापारी, हयातभर जनावरे चाचपलेला माणूस, त्याने एकाच्या शेपटीच्या मुळाशी बोटे दाबली, थांबला, आणि दुसऱ्याकडे गेला. मग तिसऱ्याकडे.

"मामू, क्या खिलाये इनकू?"

"कडबा. आन् माळावरचे धोंडे."

"तो फिर धोंडेच अच्छे है तुम्हारे गाँव के," तो म्हणाला. "सब एकीच बाप के दिखते. बाप किसका?"

गावचे सगळे पुढारी तिथे उभे होते. चेअरमन आभाळाकडे पाहत होते. त्यात ढगही नव्हता. तेवढ्यात माझे थोरले भाऊ पुढे झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे म्हणाले, "ह्याचा. जोडी मोडून ठेवलेला."

मला त्या दिवशी आणखी काही नको होते. पुतळ्याची बातमी आली नसती, तर मी हे लिहिलेही नसते.

सभेनंतर मी पुतण्याला गाठले. जनावरे तांबडी आहेत आणि काकांचा वळू पांढरा होता, हे दाखवले. तो म्हणाला, "रंग आईकडून येतो, बाबा." गाई सुटून येत होत्या, हे सांगितले. तो म्हणाला, "साक्षीदार कोण?" गुराखी आता हयात नाहीत, आणि मालकांची मुले कबूल करणार नाहीत. शेवटी त्याने कार्यालयातल्या भिंतीवरचा फोटो दाखवला: शिंगे रंगवलेला तो पांढरा, शेजारी फेट्यात काका. फोटो खरा आहे. जनावर देखणे होते. काकांनी ते खरोखरच जत्रेतून आणले होते, आणि गाईंवर सोडण्यासाठीच आणले होते, हेही मी मान्य करतो. पण दुष्काळात त्यांच्याही जोडीतला एक बैल मेला होता, मृग जवळ आला होता, आणि ते आमच्या गावचेच होते.

तो पांढरा खोंड गावात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनांच्या गोठ्यापुढे ठेचला गेला. दोर टाकून त्याला पाडले मी, आणि त्याचे मागचे पाय काम संपेपर्यंत मीच धरून ठेवले होते.