थोरल्या डॉक्टरांचं नाक

दवाखान्यातले किस्से उतरंडीसारखे साठतात. तळातलं मडकं काढायला गेलं की वरची डळमळतात. हे मी इतक्यांदा सांगितलंय, की यातलं घडलेलं किती आणि माझं किती, याची मलाच धास्ती वाटते.

मुंबईहून डॉक्टरी शिकून आलो आणि सोलापुरात थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली लागलो. जखम आली की ते आधी पट्टी हुंगायचे. मगच औषध! म्हणायचे, “घाण सुटली तर बरं. धुऊन, कापून निभावतं. ज्या जखमेला वासच नाही, तिच्यातला जंतू रक्तात शिरतो.”

त्यामुळे त्यांनी नाक मुरडलं की नातेवाईक पेढे आणायचे. चेहरा शांत राहिला की बायका रडायला लागायच्या!

*

गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, मनगटाला खरचटलं म्हणून आला. डॉक्टरांनी हुंगलं. चेहरा शांत.

“घरच्यांना बोलावून घ्या.”

“खरचटलंय की नुसतं! आत्ताच मयताची तयारी व्हय?” जॉबर खो खो हसला.

तेव्हा आमच्याकडे पोटीस आणि चाकू, एवढंच होतं. आठवडा संपायच्या आत तो गेला. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

*

एकदा गुंडू कंपाउंडरचे रॉकेलचे हात चहाच्या दुधाला लागले. मी पहिला घोट खिडकीबाहेर थुंकलो. डॉक्टरांनी कप संपवला. “गुंडू, अजून अर्धा दे.”

“मोठ्या माणसांचं लक्ष कुटं असतंय खाण्यापिण्यात!” गुंडू कौतुकानं म्हणाला. मीही मान डोलावली.

*

मग रक्तातल्या जंतूंवर एक नवं लाल औषध निघालं. आम्हाला गोळ्यांची एकच डबी मिळाली, एका रोग्यापुरती. आणि नेमके दोघं तापानं फणफणलेले: पाय सडलेले एक मास्तर, आणि पडद्यापलीकडे बाळंतीण नरसम्मा, रंगारी मल्लेशमची बायको.

मास्तरांच्या पायाची दुर्गंधी अशी, की त्या खोलीत दुसरा वास कळणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी नरसम्माचं कापड नाकाशी धरलं. चेहरा शांत.

“हिला द्या.”

“डॉक्टर, मास्तर मरतील!”

“मास्तरांचं मी कापतो. हिचं काय कापू?”

दुसऱ्या दिवशी तिची लघवी लाल! सासू किंचाळली. “अम्मा, रगत न्हाय,” मल्लेशम कुजबुजला, “गोळ्यांचा रंग हाय.”

तिचा ताप उतरला. मास्तरही कुबडी घेऊन का होईना, चालत घरी गेले.

*

डॉक्टर गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्यांच्या नाकाचं कौतुक ऐकवत होतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“भावजी, चेष्टा करताय का? तुम्ही यायच्या आधीच, इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथीत त्यांचा वास गेला, तो कायमचा. दूध करपलं तरी कळायचं नाही.”

मला पटेना. डॉक्टरांच्या धाकट्या भावालाही विचारलं.

“खरं आहे,” तो म्हणाला. “देवापुढची उदबत्ती पेटलीय का विझलीय, ते दादा बघूनच सांगायचा.”