चित्राखालचा कागदी कप

"मावशी, बाही जरा वर करा ना. हं, अशी. आता हात कॅमेऱ्याजवळ आणा."

आईने बाही वर केली. कोपरापर्यंत गोंदणाचे हिरवट ठिपके, मधून एक वाकडी रेघ. सुरकुतलेला हात. लॅपटॉपवरून तो नेदरलँड्सभर, अ‍ॅमस्टेलव्हीनपासून टिलबर्गपर्यंतच्या मराठी घरांत पोचला.

"बघा," मेधावहिनी टाळी वाजवत म्हणाल्या, "मागे ऑस्ट्रेलियाचं, पुढे आपल्या घरचं. आपलं देसी अ‍ॅबोरिजिनल!"

पडद्यावरची चेहऱ्यांची सगळी खोकी हसली.

आईही हसली. हसायचं असतं असं वाटून हसली. ते हसू मी लहानपणापासून ओळखते.

आधी मी कोण ते सांगते. मी बोलकी बाई. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकाचा पडदा अडकला, की "जा गं, काहीतरी बोल" म्हणून मलाच पुढे ढकलतात. मी जाते. नवऱ्याच्या सायकलवर दोन मिनिटं, डच डॉक्टरवर पाच. कुठल्याही आजाराला पॅरासिटामॉल देणारा तो डॉक्टर मी असा करते, की लोकांना चहाचं भान राहत नाही. राहते झुइडओस्ट या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये. नोकरी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका छोट्या गॅलरीत. तिथे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल, चित्रकारांची चित्रं असतात आणि मी ती लोकांना समजावून सांगते. म्हणजे, सांगायची. कोरोनात गॅलरीला टाळं लागलं.

आई दोन महिन्यांसाठी आली होती. विमानं बंद पडली. पुढे सुरू झाली, पण तिला एकटीला पाठवायचा धीर होईना. ती राहिली.

मंडळातल्या मेधावहिनींच्या दिवाणखान्यात त्या वाळवंटातलंच एक मोठं चित्र आहे. मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात मी त्याच्यासमोर उभं राहून त्याची गोष्ट सांगावी, असं ठरलं. "आईंनाही आणा हो, कंटाळल्या असतील," वहिनी म्हणाल्या. मला बरं वाटलं. आईने इस्त्रीची साडी नेसली, वर स्वेटर.

घरात तिघांहून जास्त पाहुणे चालत नव्हते. तिसरी होती शेजारची डच बाई, योहाना. दारातच वहिनी म्हणाल्या, "मावशी, डावीकडे नका जाऊ हं. देवघर आहे, सोवळ्यातलं." मग चहा आला. योहानाला निळ्या नक्षीचा चिनी मातीचा कप. तसाच वहिनींना, तसाच त्यांच्या नवऱ्याला. आम्हा दोघींना कागदाचे.

"कोरोना आहे ना," वहिनी म्हणाल्या.

योहानाला कोरोना नव्हता बहुतेक.

आईच्या गावात टपरीबाहेर आमच्या वस्तीसाठी वेगळी कपबशी असायची. आपली आपण विसळायची, परत कोनाड्यात ठेवायची. आता कप कागदाचा झाला होता. आईने तरीही ओळखला. चहा संपवला आणि कप विसळायला नळ कुठे ते बघू लागली. कागदाचा कप! मी तो तिच्या हातातून घेतला आणि चित्राखालच्या टेबलावर ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला. मी रंगले. हे गोल म्हणजे पाण्याची जागा. इंग्रजी यू सारखे आकार म्हणजे त्याभोवती बसलेल्या बायका. वाळूत बसलेल्या माणसाची खूण अशीच उरते. हे चित्र काढणारीला ही जागा तिच्या माणसांकडून मिळाली. उठून कोणीही ती काढू शकत नाही. ज्याची गोष्ट, त्याचीच परवानगी. चित्राबरोबर चार ओळी येतात, तेवढंच बाहेरच्यांसाठी. बाकीचं आत राहतं.

"ते आतलंच सांगा ना, ताई," वहिनी म्हणाल्या. "चार ओळी आम्हीही वाचल्यात."

"मला माहीत नाही. आणि असतं, तरी ते सांगायचा हक्क मला नाही."

"तुम्हा लोकांना ना," वहिनी कॅमेऱ्याकडे बघून गोड हसल्या, "सगळीकडे हक्कच दिसतात."

खोकी हसली. कुणी "तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला?" असं विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आणि मग वहिनी आईकडे वळल्या. मावशी, बाही जरा वर करा ना.

हात तसाच कॅमेऱ्यासमोर. "याचा अर्थ काय हो, मावशी? काही जादूटोणा?"

आई माझ्याकडे बघायला लागली. काय सांगू, असं. डोळ्यांतच.

मी उठले. तिची बाही खाली केली, मनगटापर्यंत. मग कॅमेऱ्यासमोर आले आणि आवाज खाली आणला. हे मला येतं.

"आतली गोष्ट हवी ना? या, जवळ या सगळे."

खोकी पुढे वाकली. देवाशपथ वाकली. मी थांबले, अजून थोडं थांबले. मग एका हातात आईचा कागदी कप उचलला, दुसऱ्यात योहानाचा.

"ही बाहेरची गोष्ट. मडमचा कप हा. माझ्या आईचा हा. दोघी एकाच दारातून आल्या. आतली गोष्ट वहिनींच्या घरची आहे. त्या सांगतील."

योहाना विचारत होती, "काय झालं? काय म्हणाली ती?" एक खोकं काळं झालं. मग दुसरं. वहिनींचे यजमान म्हणाले, "अहो, कौतुकच करत होती मेधा. इतकं मनाला लावून घ्यायचं?"

"हो," मी म्हटलं. "चल गं, आई."

ट्राममध्ये आई मास्क लावून खिडकीशी बसली. मग म्हणाली, "चहात आलं छान होतं." मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. ती मास्क सावरत म्हणाली, "मी दाखवायला नको होता हात."

"तू नाही दाखवलास. त्यांनी मागितला."

मग तिने बाही स्वतःच वर केली आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत मला सांगितलं. कोणी गोंदलं, कुठे, ती रेघ का वाकडी. मी कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "आता तुझ्यापाशी राहू दे."

मंडळाने पुढच्या गणपतीत मला बोलावलं नाही. त्यानंतर एकदा निरोप आला, महिला दिनाला आईंच्या गोंदणावर बोला, लोक फार उत्सुक आहेत. मी नाही म्हटलं.

तुम्हीही उत्सुक असाल. इथपर्यंत वाचलंत, आता ठिपके येतील असं वाटलं असेल. मी गोष्टी सांगणारी बाई, गोष्ट तोंडात आली की मला दम निघत नाही. पण ही येणार नाही. कप बाहेरचा होता, तो सगळ्यांना दाखवला, यापुढेही दाखवीन, नावानिशी. हात आमचा आहे. त्याची बाही आता कोणाच्याही सांगण्यावरून वर होणार नाही.