एक नंबरचं रक्त

आणीबाणी उठली त्या वर्षी मी महाडच्या स्टँडवर मुंबईच्या एसटीत बसले. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायला निघाले होते. दादा, म्हणजे माझे वडील, जवळच्या नाते गावच्या शाळेत मास्तर. खिडकीखाली उभे राहून ते बजावत होते, की प्रयोगाच्या वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. आईची काळजी वेगळी होती. "लोकांचा रक्त काढनार हायेस, ह्या कुनाला सांगू नको गो. लगीन नाय जमायचा."

मुंबईत माझे गाइड होते, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. नाचणीवर जगणारं शरीर साखर कशी वापरतं, हा विषय मीच सुचवला, आमच्याच घरांतला. सरांना आवडला. दोन हिवाळे मी आमच्या वाडीतल्या विहाराच्या अंगणात उपाशीपोटी माणसं बसवली. आधी कुणीच तयार होईना. मग दादांची थोरली बहीण, सखूआत्या, पुढे आली आणि तिने हात लांब केला. "घे गो, माज्यात लय हाय." तिचं बघून बाकीचे बसले. वहीत तिला एक नंबर मिळाला.

तिची साखर फार वाढलेली निघाली. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, आत्ता कळवलंस तर औषधं सुरू होतील, खाणं बदलेल, अभ्यास बिघडेल. शेवटी सगळ्यांना एकदम रिपोर्ट देऊ. मला पटलं नव्हतं. तरी गप्प राहिले. सरांच्या शिफारशीवर माझं अमेरिकेला जाणं ठरत होतं.

पीएचडी झाल्यावर, तिथल्या ज्या प्रोफेसरांबरोबर सर काम करत, त्यांच्याच प्रयोगशाळेत मी रुजू झाले. वर्षभराने लायब्ररीत नवं जर्नल उघडलं, तर त्यात माझा पेपर. तक्ते माझे, वाक्यंसुद्धा माझी. नावं दोनच, सरांची आणि प्रोफेसरांची. माझे आभार शेवटी बारीक अक्षरात, 'तांत्रिक मदतीबद्दल'. प्रोफेसर ओशाळले. मी रक्त काढायचे आणि काचसामान धुवायचे, असं सरांनी त्यांना सांगितलं होतं. सरांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: "तुला अमेरिकेला कोणी पाठवलं, हे विसरू नकोस."

कित्येक दिवस मी भेटेल त्याला हे सांगत सुटले. एकदा लॅबमधल्या मैत्रिणीला तो तक्ता दाखवताना बोट पहिल्या ओळीवर थांबलं. बाई, वय, उपाशीपोटीची साखर. ही आत्या होती. पेपर छापून आला, अभ्यास संपला, आणि वाडीत एकालाही रिपोर्ट गेला नव्हता. इतके दिवस मला फक्त माझं नाव दिसत होतं.

त्याच दिवशी दादांना पत्र टाकलं. ते पोहोचताच त्यांनी आत्याला महाडच्या डॉक्टरकडे नेलं. पण त्याआधीच शेतात रुतलेल्या काट्याची जखम चिघळली होती. पायाची दोन बोटं काढावी लागली.

सुट्टीत घरी आले तेव्हा आत्या तिच्या दारातल्या ओट्यावर नाचणी पाखडत होती. तिच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं: सर, पेपर, माझं गप्प राहणं. तिने सूप खाली ठेवलं.

"त्यानं तुजा नाव खाल्ला, त्याचा राग हाय तुला," ती म्हणाली. "पन माज्या साखरेचा तुला म्हाईत होता ना गो?"

मी हो म्हटलं. तिने सूप पुन्हा उचललं.

पुढे माझ्या नावाने पेपर निघाले, इतर देशांतल्या लोकांबरोबरही काम केलं. सरांना मी माफ केलेलं नाही. माझ्यासारखे जे देशाबाहेर गेलात, त्या तुम्हाला घर म्हटलं की आईच्या हातचं जेवण आठवत असेल. मला तो ओटा आठवतो. दोन वर्षांनी एकदा येते, तेव्हा आधी तिथे जाते. आत्या दुसरीकडे बघत बोट पुढे करते. मी थेंब पट्टीवर घेते, रंग ताडून पाहते, आणि साखर किती आहे ते तिला मोठ्याने सांगते.