केअरटेकरची खोली, सात बाय आठ

लोणावळ्यातल्या ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्टिंग करते, तिथे कॉम्प्युटरवर नवं ड्रॉइंग कधीच कोरं उघडत नाही. उघडतं ते मी केलेलं टेम्प्लेट. रुजू झाले त्याच वर्षी साहेबांनी ते माझ्याकडून करून घेतलं. रेघांची जाडी, अक्षरांचा आकार, कोपऱ्यातली नावाची चौकट आणि सोबत बंगल्याचा एक ठरलेला आराखडा. गिऱ्हाईक आलं की भिंती इकडेतिकडे सरकवायच्या, बाकी सगळं आयतं. चार दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकायचं आणि मी टेचात चहाला जायचे.

त्या आराखड्यात मागच्या बाजूला, पाण्याचा पंप आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये उरलेल्या जागेत, मी केअरटेकरची खोली टाकली होती. सात बाय आठ. बंगल्याच्या प्रत्येक बेडरूममध्ये पलंग काढला होता, कपाट काढलं होतं, गच्चीत कुंड्यासुद्धा. या खोलीत काहीच काढलं नाही. चौकोन, आत उघडणारं दार आणि वर एक झरोका. मावळात त्या टेम्प्लेटवरून किती बंगले उठले ते मी मोजलेलं नाही. हिंमत होत नाही.

आई गेल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मळवलीचं घर खायला उठायचं. पवनानगरच्या बाजूला एका बंगल्यावर केअरटेकर हवा होता. बंगला आमच्याच ऑफिसचा, ड्रॉइंग माझं. आबा लगेच तयार झाले. लेकीनं काढलेल्या घरात राहायला चाललोय, असं त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं, आणि मीही मिरवून घेतलं. ती खोली माझ्या डोक्यातही आली नाही, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच रविवारी डबा घेऊन गेले तेव्हा ती पाहिली. खाट दाराकडे ठेवली तर दार उघडत नव्हतं, म्हणून पंपाच्या भिंतीला लावलेली. पंप सुरू झाला की उशी थरथरायची. झरोक्यासमोर हातभर अंतरावर कंपाउंड. पुढे श्रावणात भिंतींना ओल आली, पांघरूण वाळेना आणि आबांचा जुना खोकला बळावला. मालकांशी बोलते म्हटलं तर त्यांनी मला गप्प केलं. मालक भला माणूस आहे, उगाच कटकट नको, म्हणाले. पाहुणे आले की ते त्यांना पुढचा मोठा हॉल दाखवायचे आणि माझं कौतुक सांगायचे. मागची खोली कुणा गवंड्यानं ऐनवेळी चिकटवली असेल, असंच त्यांना वाटत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायला जीभ रेटेना.

पावसाळा सरता सरता आबांना ताप आला आणि वडगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, दमाही जुना आहे. खोलीचा विषय कुणीच काढला नाही. कुणीतरी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना पेज भरवताना मीच म्हटलं, "आबा, मागची खोलीपण मीच काढलीय."

"ठावं हाय," ते म्हणाले. "मालकानं नकाशा दावला व्हता मला."

म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या हातातली वाटी त्यांनी बाजूला ठेवली आणि माझ्या मनगटावर हात ठेवून बोलले, "तू नगं मनाला लावून घिऊ. तवा तुला कुटं ठावं व्हतं, मीच जानार हाय तितं ऱ्हायला."

चार दिवसांनी आबा गेले.

कामावर परतल्यावर पहिल्यांदा मी टेम्प्लेट उघडलं. खोली दहा बाय बारा केली, अंगणाकडे खिडकी दिली, आत खाट काढून पाहिली. साहेब बरं केलंस म्हणाले. पण टेम्प्लेट बदललं की फक्त पुढची ड्रॉइंग बदलतात, बांधून झालेल्या खोल्या आहेत तशाच राहतात. त्यांत आत्ताही माणसं झोपतायत.

आबा माझी समजूत काढायला तसं बोलले, आणि तेच मला रोज टोचतं. आबा तिथे राहायला जातील हे मला ठाऊक नव्हतं, खरं आहे. पण कुणीतरी जाणार, हे ठाऊक होतं.