बारा नंबरचा कूलर

रंगनाथच्या गेटातून आत जाणं म्हणजे खायचं काम नव्हतं. परभणीत वसमत रोडवरून आत वळलं की राजनंदिनी अपार्टमेंट लागतं. तीन मजले, बारा खोल्या, सगळे भाडेकरू. मालक भगवानराव मानवतला कापसाच्या व्यापारात, महिन्यातून एकदा इकडं चक्कर. बाकी सगळा कारभार रंगनाथच्या डोक्यावर. पाण्याची टाकी, जिन्यातले दिवे, आणि उन्हाळा आला की बारा कूलर. कूलर मालकानं खोलीबरोबर दिलेले, तेव्हा त्यांची देखभालही मालकाची, म्हणजे शेवटी रंगनाथचीच.

माणूस कामाचा, त्यात वाद नाही. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वीस वर्षं पंखे आणि मोटारी खोलून त्याचे हात तयार झाले होते. खाली गेटजवळ खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, "तीन नंबरचं पाणी वर चढंना गेलंय." होळी झाली की जुनं गवत उपसायचं, टाकीतला गाळ खरवडायचा, नवं गवत बसवायचं, पाणी चढवणारी छोटी मोटर तपासायची. सगळं स्वतः. बाहेरच्या माणसाला त्यानं एका स्क्रूला हात लावू दिला नाही.

पण खोड एक होती बाबाची. काम नंबरानं. एक नंबरपासून सुरू आणि बारावर खतम, मधला क्रम मोडायचा नाही. त्यालाही कारण होतं म्हणा. एका वर्षी त्यानं आठ नंबरचा कूलर आधी केला, तर पाच नंबरच्या बाईंनी मालकाला फोन लावून "तुमचा माणूस तोंड बघून काम करतो" असं सुनावलं. ते रंगनाथच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून नंबर म्हणजे नंबर.

दुसरी खोड फेरीवाल्यांची. दिवसाला पाच-सहा जण गेटाशी यायचे. पाण्याचे फिल्टर विकणारे, विम्यावाले, प्लॉटवाले, गुडघ्याचं तेल विकणारे. दोन वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या इस्त्रीच्या शर्टात आला, "कूलरची मोफत तपासणी" म्हणाला, वर गेला आणि तीन चांगल्या मोटारी "दुकानात बघून आणतो" म्हणून घेऊन गेला तो गेलाच. भगवानराव आले आणि सगळ्या भाडेकरूंसमोर म्हणाले, "मग तुला इथं कशाला ठेवलंय, शोभेला?" रंगनाथ खाली मान घालून उभा. साठीला आलेला माणूस, भर अंगणात त्याची अशी शोभा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यानं गेटावर पाटी लावली: फेरीवाले, एजंट, कूलरवाले यांना सक्त मनाई. त्यानंतर आत शिरलेला एक फेरीवाला दाखवा!

बारा नंबरला राहायचे अनंतराव. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, अंगानं वाळकुडे, बोलायला गोड. अगदी वरचा मजला, डोक्यावर नुसता स्लॅब. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

एका सोमवारी ते जिना उतरून खाली आले, खुर्चीच्या दांडीला धरून उभे राहिले.

"रंगनाथ, आपला कूलर नुसता गरम वारा टाकतोय रे."

रंगनाथ वर जाऊन बघून आला. "मोटर जळाली, साहेब. उद्या आणतो नवी. पण नंबर चौथा चालू हाय. तुमचा यायला चार-पाच दिवस जातील बगा."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. अनंतराव हसले. "काही हरकत नाही. मीही जन्मभर लोकांना रांगेतच उभं केलं." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "फक्त जीवनला कळू देऊ नकोस."

जीवन त्यांचा मुलगा, पुण्याला. पोरगा वाईट नव्हता, पण गेल्या उन्हाळ्यात अनंतरावांना चक्कर आली तेव्हा त्यानं बजावलं होतं, की यापुढं एकदा जरी आजारी पडलात तरी खोली सोडायची आणि माझ्याकडं यायचं. अनंतरावांना ते नको होतं. "अकराव्या मजल्यावर राहतो तो. तिथं मला ओळखतं कोण? इथं चहाच्या टपरीवर चार माणसं वाट बघतात. एवढा उन्हाळा निभला की झालं."

"निभतंय की, साहेब. मी हाय ना," रंगनाथ म्हणाला.

मंगळवारी त्यानं मोटर आणली. आणली आणि गेटजवळच्या फळीवर ठेवली. बसवायला दहा मिनिटं लागतात, जास्त नाही. पण चार नंबरची टाकी गळत होती, सात नंबरचा पंखा अडकला होता, आणि नंबर म्हणजे नंबर. गुरुवारी तो नऊवर आला. जिन्यात अनंतराव भेटले. ओठ सुकलेले, खांद्यावर ओला टॉवेल.

"झालंच, साहेब. परवा तुमचाच नंबर."

"होऊ दे, होऊ दे. सावकाश."

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला गेटाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पाठीवर बॅग, चेहरा घामानं निथळलेला.

"बारा नंबरला कूलर बघायचाय. अनंतरावसाहेबांनी बोलावलंय."

झालं! नेमका तोच शब्द, कूलर. रंगनाथच्या डोळ्यांपुढं तो इस्त्रीचा शर्ट उभा राहिला आणि भगवानरावांचं ते बोलणं.

"अस्सं का? अनंतराव हे नाव तर हितं भाडेकरूंच्या पाटीवरच लिहिलंय, कोणीबी वाचतंय. बाजूची मनाईची पाटी पण वाच की."

"अहो खरंच बोलावलंय. फोन आला होता मला सकाळी."

"सगळ्यांना फोनच येतात. ह्या बिल्डिंगीचे कूलर कोण बघतंय म्हाईत हाय का? मी बघतो. साहेबाला पायजे असतं तर मला बोलले असते. चल, निघ हितून."

माणूस जरा वेळ उन्हात उभा राहिला. मोबाइल कानाला लावला, परत लावला. मग मान हलवून गेला. रंगनाथला त्या दुपारी लय बरं वाटलं. गड राखल्यासारखं वाटलं म्हणा ना. कडी घालून तो दहा नंबरचा कूलर करायला वर गेला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवरचा सीताराम विचारत आला, "साहेब आज आले नाहीत." दोघं वर गेले, तर दार आतून नुसतं लोटलेलं होतं. अनंतराव कूलरसमोर फरशीवर पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. कूलरची टाकी काठोकाठ भरलेली होती. त्यांनी स्वतःच बादलीनं भरून ठेवली होती. बाजूला एक खुर्ची मांडलेली, स्टुलावर झाकलेला पाण्याचा तांब्या आणि पेला. कोणीतरी येणार होतं, त्याची तयारी. रंगनाथनं ते बघितलं, आणि सीतारामच्या मदतीनं साहेबांना उचलून खाली आणलं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी अनंतराव थोडे शुद्धीवर आले. रंगनाथचा हात धरून म्हणाले, "रागावू नकोस. मी बाहेरचा माणूस बोलावला होता. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. पण तो आलाच नाही बघ. तूच खरा. बाहेरच्यांचा काही भरवसा नाही."

आता बोलायचं होतं. एवढी जागा होती बोलायला. रंगनाथचं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, "तुमी आराम करा, साहेब."

रविवारी पहाटे अनंतराव गेले.

तेराव्यानंतर जीवन खोली रिकामी करायला आला. सामान फार नव्हतंच. बापाचा मोबाइल चाळता चाळता तो थांबला. "रंगनाथकाका, हा कोण? त्या शुक्रवारी सकाळी बाबांनी लावला होता. दुपारी सव्वाला ह्याचेच दोन फोन येऊन गेलेत, उचलले नाहीत. येतो म्हणून न आलेला कूलरवाला हाच असणार. बाबा दवाखान्यात बोलले होते मला. बघतोच त्याच्याकडं."

त्यानं फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून तोच आवाज आला. "मी आलो होतो, साहेब. गेटवरच्या माणसानं हाकलून दिलं. दोनदा फोन केला, उचलला नाही. सर कसे आहेत?"

जीवननं मान वर केली. खोलीत दोघंच होते. सांगता आलं असतं, हे लोक खोटंच बोलतात. गेली दोन वर्षं रंगनाथ तेच तर सांगत आला होता.

"आला होता तो," रंगनाथ म्हणाला. "मीच हाकललं. आन् मोटर माझ्यापाशीच होती, मंगळवारपासून."

जीवननं फोन बंद केला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं बापाचा चष्मा पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि खाली उतरला. तो गेल्यावर रंगनाथनं फळीवरची मोटर आणून बसवली. बरोबर दहा मिनिटं लागली. अनंतरावांनी भरलेलं पाणी अजून टाकीत होतं, तळाशी शेवाळ धरलेलं. तेच पाणी वर चढलं, गवत भिजलं, आणि रिकाम्या खोलीत गार वारा सुटला. रंगनाथ त्याच्यासमोर बसून ढसाढसा रडला.

गेटावरची पाटी आता नाही. तेल विकणारा आला, विम्यावाला आला, तरी रंगनाथ आपली खुर्ची त्याला देतो. "कोणाकडं जायचंय? बसा, वर विचारून येतो," म्हणतो, आणि दुखरे गुडघे धरत तीन-तीन जिने चढतो. भाडेकरू वैतागलेत, दुपारची झोपमोड होते म्हणून त्यांनी मालकाकडं तक्रार केलीय. भगवानरावांनी फोनवर सांगितलं, या महिनाअखेरीला दुसरा माणूस येईल.

"बरं मालक," रंगनाथ म्हणाला. गेटाशी पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. त्यानं फोन खिशात घातला आणि तिला विचारलं, "कोणी बोलावलंय, ताई?"