जोडणीवाली बाई

‘कशावरून?’

समोरचा काहीही म्हणो, ती बाई आधी चष्मा काढायची, कीबोर्डवर पालथा ठेवायची आणि हे एवढंच विचारायची. बाहेर ऊन फार आहे म्हटलं तरी विचारील की काय, अशी धास्ती वाटायची. आदराने ‘त्या’ म्हणायला हवं, हे मला कळतं. शिकलेली, हुद्द्यावरची बाई होती. पण मनातल्या मनात मी तिला कधी ‘त्या’ म्हटलं नाही, मग इथे कशाला खोटं लिहू?

नगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी ओपीडीची इन्चार्ज सिस्टर होते. त्याच ट्रस्टचा एक लहान दवाखाना राजूरला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर वेगळे. शिवाय आमच्या इथेच केसपेपरचं एक सॉफ्टवेअर, लॅबचं दुसरं, औषधांचं तिसरं. एका छपराखाली नांदणाऱ्या आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखी ती होती. राजूरहून पाठवलेला पेशंट आमच्याकडे आला की त्याला पहिल्यापासून सगळं विचारायचं. शेवटी ट्रस्टने ठरवलं, हे सगळं एकत्र जोडायचं. एका माणसाला एकच नंबर. राजूरला टोचलेली सुई नगरला दिसली पाहिजे.

विचार चांगलाच होता. तो अमलात आणायला ही बाई आली. सावेडीतून स्कूटीवर यायची, आमच्याकडचा चहा प्यायची नाही, डबा एकटी खायची. आयांनी तिचं नाव ‘जोडणीवाली’ ठेवलं आणि तिला ते कळलं, तरी तिच्या कपाळावर आठी उमटली नाही. आठी आधीपासून होतीच.

पहिल्या दिवशी मी आपणहून गेले. म्हटलं, ‘मॅडम, काही अडलं तर विचारा. इथल्या निम्म्या पेशंटांना मी तोंडाने ओळखते.’

चष्मा कीबोर्डवर गेला. ‘कशावरून?’

‘म्हणजे?’

‘तुम्ही ओळखता ते बरोबरच ओळखता, हे कशावरून?’

त्या क्षणी आमचं फाटलं ते फाटलंच. जिभेला हाड नसलेली माणसं मी वॉर्डात पुष्कळ पाहिली, पण ती दुखण्याने बेजार असतात. हिला काय झालं होतं? कुणी म्हणायचं, घरी काही दुःख आहे. असेलही. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

कॉम्प्युटर काय करायचा, तर नाव, गाव, जन्मतारीख आणि मोबाईल नंबर जुळले की ‘हे दोघे एकच दिसतात, जोडू का?’ असं विचारायचा. आपण ‘जोड’ म्हणायचं. बाकीच्यांनी भराभर ‘जोड’ म्हटलं असतं. ही अडायची. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे एका आख्ख्या पिढीचा जन्म एक जूनला झालाय. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. तो ढीग पाहून तिने मला बोलावून घेतलं.

‘सिस्टर, या जिल्ह्यात बाकीच्या दिवशी बाळंतपणं बंद असायची का?’

मी हसले. ती हसली नाही. तो विनोद नव्हता, चौकशी होती.

मग तिने फोन लावायला सुरुवात केली. एकाच नावाचे दोन म्हातारे, गाव एक, जन्म अर्थातच एक जून. एकाला साखर, दुसऱ्याला टीबी. हिने फोन लावला, तो मुलाने उचलला. म्हणाला, ‘आमचं बा रानात गेल्यात.’ त्यावर हिचं ठरलेलं, ‘ते तुमचेच वडील, हे कशावरून?’ पलीकडून जे काही आलं, ते टेबलाच्या या बाजूला मलाही ऐकू गेलं. अस्सल गावरान शिव्या होत्या. तिने सगळ्या ऐकून घेतल्या, फोन ठेवला आणि म्हणाली, ‘मुलगाच आहे.’

नाताळात मी सगळ्यांसाठी फराळ आणि केक नेते. तिलाही नेला, सण होता म्हणून.

‘अंडं आहे?’

‘नाही.’

‘कशावरून?’

‘मी केलाय म्हणून, मॅडम.’

तिने केक घेतला नाही. मीही डबा उचलला आणि तिच्यासमोर एक तुकडा तोंडात टाकून निघाले. आमच्यातला सगळ्यात गोड प्रसंग तो हाच.

अशात मनीषाचं प्रकरण निघालं. मनीषा राजूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतली. नवरा नगरच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून इथे एका खोलीत राहायची. पाचवा महिना होता. पहिली मुलगी माहेरी, राजूरच्या दवाखान्यात झालेली. दुसरा मुलगा आमच्याकडे झाला आणि चार दिवसांत कावीळ वाढून गेला. तिसऱ्या वेळी ती आमच्याकडे नाव घालायला आली, तेव्हा बाकावर अगदी कडेला बसली होती. मी म्हटलं, ‘नीट बस की.’ तर म्हणाली, ‘सिस्टर, ह्ये तरी ऱ्हाईल का वो?’

मी म्हटलं, राहील. आपण आणखी काय म्हणणार?

तिची राजूरची आणि नगरची नोंद कॉम्प्युटरने जोडायला काढली. सगळं जुळत होतं, फक्त रक्तगट सोडून. राजूरला ओ निगेटिव्ह, नगरला ओ पॉझिटिव्ह. बाईने जोडणी थांबवली आणि मला बोलावलं.

‘राजूरवाल्यांची चूक असणार,’ मी म्हटलं. ‘तिथे एकच टेक्निशियन, तोही घाईत. आमची लॅब मोठी आहे. पॉझिटिव्ह धरा.’

‘कशावरून?’

‘अहो, मी सांगतेय ना.’

‘तेच विचारतेय. तुम्ही सांगताय, ते कशावरून?’

कॉरिडॉरमधले पेशंट बघायला लागले. माझं रक्त उकळलं. केवळ या बाईचं तोंड एकदा बंद व्हावं म्हणून मी मनीषाला बोलावलं आणि स्वतः लॅबमध्ये उभी राहून तिचं रक्त तपासून घेतलं.

निगेटिव्ह आलं.

याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बापाचं पॉझिटिव्ह असलं, तर पहिलं मूल बहुधा सुखरूप होतं, पण पुढच्यांना धोका असतो. आईचंच रक्त बाळाच्या रक्तावर उठतं. बाळ पिवळं पडतं, दगावतं. आधी ठाऊक असलं तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता येतं, वेळेवर मोठ्या दवाखान्यात पाठवता येतं. मनीषाचा मुलगा कशाने गेला, ते आता उघड होतं. त्या वेळी आमच्या कॉम्प्युटरवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं होतं, म्हणून कुणी लक्ष ठेवलं नाही. राजूरच्या कॉम्प्युटरला सगळं माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी रिपोर्ट बाईच्या टेबलावर ठेवला. वाटलं, आता ही मिरवणार. मिरवली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘मग पॉझिटिव्ह आलं कुठून?’ आणि उठून थेट केसपेपरच्या खिडकीकडे गेली.

खिडकीवर क्लार्क बसायचे, सगळ्या दवाखान्याचे मामा. खर्ड्याकडचे, रिटायर व्हायला आलेले. कुणी म्हातारी उन्हातून आली तर आधी तिला पाणी द्यायचे, मग नाव विचारायचे. रांग लांबली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून ते एक करायचे. घरातलं कुणी आधी येऊन गेलेलं असलं, तर त्याचीच नोंद कॉपी करायची आणि नाव, वय तेवढं बदलायचं. पत्ता तोच, मोबाईल तोच, पुन्हा कशाला टाईप करा? मनीषाची नोंद त्यांनी तिच्या जावेच्या नोंदीवरून केली होती. जावेचा रक्तगट पॉझिटिव्ह. पत्त्याबरोबर तोही आला. आणि बाळंतपणाच्या वेळी, नोंद आहे म्हटल्यावर, कुणी पुन्हा तपासला नाही.

रांग पार दारापर्यंत होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, ‘ही नोंद तुम्ही कॉपी केलीत?’

मामा म्हणाले, ‘व्हय मॅडम. लोकं ताटकळत्यात वो. त्याच्यापाई.’

‘अशा किती केल्यात?’

‘आता कसं सांगू? लई वर्सं झाली.’

‘मनीषाचं मूल गेलं त्यात. ठाऊक आहे?’

मामांनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं. रांगेतली माणसं मामांकडे पाहत होती. त्यांना रोज नावाने हाका मारणारी माणसं. मामा उठले, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा कामावर आले नाहीत.

चूक मामांची होती, नव्हती असं मी म्हणत नाही. पण खोलीत बोलावून, दार लावून हे विचारता येत नव्हतं का? आणि रक्तगटासारखी गोष्ट कॉपी होऊ देणारं सॉफ्टवेअर, ती नोंद डोळे मिटून वाचणारे डॉक्टर, आम्ही सिस्टर, या सगळ्यांचं खापर एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुटलं.

आम्ही सगळ्यांनी मिळून ट्रस्टच्या सचिवांकडे तक्रार दिली. मजकूर माझा. त्यात मी हेही लिहिलं की ही बाई पेशंटांना फोनवर रडवते. एका आयाने स्वतः पाहिलं होतं, बाईचा फोन येऊन गेल्यावर मनीषा ओपीडीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होती. पोटुश्या बाईला रडवतात का कुणी? त्यावर पहिली सही माझी होती. मी ती मागे घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

सचिवांना निमित्तच हवं होतं. नव्या सिस्टीमच्या उद्घाटनाची पत्रिका छापून तयार होती आणि ही बाई कॉपी केलेल्या नोंदी हुडकत बसली होती. ‘एवढ्या तपासल्याशिवाय मी सुरू करू देणार नाही,’ म्हणाली. त्यांनी तिला मोकळं केलं.

ती निघाली तेव्हा मी गाड्यांच्या स्टँडवरच होते. हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, ‘मनीषाची पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातली तारीख चुकू देऊ नका.’

‘मला शिकवू नका,’ मी म्हटलं.

तिने स्कूटीला चावी लावली आणि गेली. तारीख मी चुकू दिली नाही. एकदा मनीषाचा नवरा सुट्टी मिळत नाही म्हणाला, तेव्हा मी स्वतः तिच्याबरोबर एसटीने पुण्याला गेले. ते बाईच्या सांगण्यावरून नाही, हे नमूद करते.

पुण्याला बाळाला आईच्या पोटातच रक्त द्यावं लागलं. मग दिवस भरायच्या थोडं आधीच बाळंतपण केलं. मुलगी झाली. काही दिवस निळ्या दिव्याखाली ठेवली आणि मग आईच्या कुशीत दिली. चांगली ठणठणीत.

सव्वा महिन्यानंतर मनीषा पेढे घेऊन ओपीडीत आली. नवरा, मोठी मुलगी, सासू, सगळेच. मी बाळाला घेतलं, वजन केलं, सगळ्यांना दाखवलं. मनीषा इकडेतिकडे पाहत होती.

‘त्या मॅडम कुठं हायेत?’

‘कोण, जोडणीवाल्या? गेल्या त्या. नोकरी सुटली त्यांची.’

‘आगं बाई.’

‘बरं झालं की. तुलापण रडवलं होतं ना त्यांनी?’

मनीषाने पेढ्याचा पुडा मांडीवर ठेवला. ‘रडले व्हते. पर त्यांनी न्हाई रडवलं. त्यांनी इचारलं, तुमच्या गेलेल्या बाळाचं नाव काय.’

मला क्षणभर कळेना. मग उमगलं. आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याला आईच्याच नोंदीखाली घालतात, ‘मनीषाचं बाळ’ म्हणून. एका माणसाला एक नंबर म्हटल्यावर त्या बाळालाही स्वतःचा नंबर हवा, आणि नंबर हवा तर नाव हवं.

‘मी म्हनलं, मॅडम, बारसंच झालं न्हाई, नाव कुठलं? त्या म्हनल्या, मग आता ठेवा. मी थांबते. आन् थांबल्या की वो. फोन तसाच धरून. ह्ये आन् सासूबाई तपासनीला संगं आले व्हते, मी ह्यांना इचारलं. सासूबाई म्हनल्या, गेलेल्याचं कसलं नाव ठेवतीस. ह्ये चपलंनं पायरी खरडाया लागले. लई येळ खरडली. मंग म्हनले, सुभाष. मी सांगितलं. त्यांनी लिवून घेतलं आन् मला परत वाचून दावलं, सुभाष, आडनावासकट.’

मी म्हटलं, ‘मनीषा, त्यांना तो रकाना भरायचा होता. रिकामा चालत नव्हता, म्हणून विचारलं. दुसरं काही नव्हतं त्यात.’ मला ते खरंच वाटत होतं. आजही वाटतं.

‘आसंल,’ ती म्हणाली. ‘पर आता कुनी इचारलं, किती लेकरं, तर मी तीन सांगते.’

नवरा मोठ्या मुलीच्या वेणीची रिबीन उगाच घट्ट करत बसला होता. मनीषाने पुड्यातले चार पेढे वेगळे कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. ‘त्यांना द्याल? आन् सांगाल का, पोरगी चांगली हाय म्हनून?’

देते म्हटलं. सावेडी काही लांब नाही, रिक्षाने जाता येतं, आणि तिचा नंबरही माझ्याकडे आहे. पेढे शेवटी मामांच्या घरी नेऊन दिले. बाईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती मला आवडत नाही, आणि हे सगळं सांगायला गेले तर मला रडू येणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिच्यासमोर रडायची माझी अजून तयारी नाही.